अंजनदरा : घाटमाथ्यावरच्या एका कल्पित रानाचा नकाशा तपासून हवा आहे

पाऊलवाट

सर्वांना नमस्कार.

मी कोल्हापुरात राहते आणि बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहिते आहे. तिची सगळी गोष्ट एका रानात घडते. हे रान खरे नाही. त्याला मी अंजनदरा असे नाव दिले आहे आणि राधानगरी व गगनबावडा या तालुक्यांच्या सीमेवर ते कुठेतरी आहे, असे मानले आहे. मात्र कल्पित असले तरी ते आपल्याच घाटमाथ्याचे वाटले पाहिजे, अशी माझी अट आहे. लहानपणी मी वाचलेल्या बहुतेक जंगलगोष्टींत राने एकसारखीच असत : एक नदी, एक गुहा, एक वाघ आणि हवी तेव्हा पिकलेली फळे. रंकाळ्यावर उभ्या राहिलेल्या मुलाला जूनमध्ये पश्चिमेकडे दाटलेले ढग दिसतात. ते ढग कुठे आणि कशावर रिकामे होतात, हे त्याला माझ्या गोष्टीतून कळावे, अशी मनापासून इच्छा आहे.

मी काढलेला नकाशा थोडक्यात सांगते. रान दक्षिणोत्तर साधारण वीस आणि पूर्व-पश्चिम बारा किलोमीटर आहे. पश्चिमेला कोकणात कोसळणारा कडा आहे. मध्यभागी एक मोठे तळे असून त्यातून ओवळी नावाची नदी निघते, पश्चिमेकडे वाहत जाते आणि कड्यावरून बारमाही धबधबा होऊन खाली उतरते. उत्तरेला म्हातारीचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे सपाट पठार आहे आणि रानातली सर्वांत दाट झाडी त्या सड्यावर आहे. दक्षिणेला मुख्य दरा आहे, त्यात उंच गवत आहे. पूर्वेला एकच गाव आहे. प्राण्यांमध्ये वाघ, बिबट्या, गवा, अस्वल, चितळांचे मोठे कळप, सिंहपुच्छ माकडे, मोर, शेकरू आणि धनेश घेतले आहेत.

यात जे अशक्य असेल ते कृपया स्पष्ट सांगावे. गोष्ट अजून बदलता येण्यासारखी आहे.

घाटमाथा

माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्यांच्या कामात गेली, त्यामुळे कोणताही नकाशा हातात आला की मी आधी पाण्याची वाट शोधतो. आपल्या नकाशात ती वाट उलटी गेली आहे.

सह्याद्रीचा मुख्य दांड ही पाण्याच्या वाटणीची रेषा आहे. पश्चिमेला सरळ कडा आणि पूर्वेला मंद उतार, अशी या डोंगराची ठेवण असल्यामुळे कड्यापासून जेमतेम अर्धा किलोमीटर आत पडलेला थेंबसुद्धा पूर्वेकडे निघतो. दाजीपूरच्या परिसरातून अरबी समुद्र सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. तरीही तिथले पाणी त्याच्याकडे पाठ करून भोगावतीत, पंचगंगेत, कृष्णेत असे उतरत जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या आपल्या चारही नद्या याच रीतीने पूर्वेला येतात आणि गुप्त सरस्वतीसह प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होतात. तेव्हा ओवळी नदीही पूर्वेलाच जाऊ द्यावी.

कड्यावरून पाणी पडलेच पाहिजे असे गोष्टीला वाटत असेल, तर त्याला वेगळा मार्ग आहे. पश्चिमेकडचे ओढे आखूड असले तरी त्यांचा उतार फार तीव्र असतो. ते आपल्या माथ्याकडचा खडक सतत कोरत मागे सरकतात आणि कधीकधी पूर्वेकडे वाहणाऱ्या एखाद्या ओढ्याचे डोके तोडून त्याचे पाणी स्वतःकडे ओढून घेतात. भूगोलाच्या पुस्तकांत याला नदीचौर्य म्हणतात. असा एक लहान ओढा आपण कड्याला द्यावा, पण तो बारमाही करू नये. जुलैत तो इतका भरलेला असेल की खालून येणारा वारा त्याचे पाणी उलटे वर उडवील. दिवाळीनंतर त्याची धार बारीक होईल आणि मार्चमध्ये कड्यावर फक्त एक काळा ओला पट्टा उरेल. हा बदल मुलांना दाखवता आला तर बारमाही धबधब्यापेक्षा तो अधिक खरा आणि अधिक सुंदर वाटेल, असे मला वाटते.

तळ्याविषयीही सांगतो. घाटमाथ्यावर दिसणारे मोठे पाणी बहुतेक वेळा धरणाचे असते. राधानगरीचा लक्ष्मी तलाव हाही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचा जलाशय आहे. खडकाळ उतारावर पाणी साठून राहायला जागा नसते. त्याऐवजी नदीच्या पात्रात खोल कोंडी असतात, ज्या उन्हाळ्यातही आटत नाहीत. मोठ्या तळ्याच्या जागी तीन-चार कोंडी दाखवाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत सगळ्या रानाचा जीव त्यांच्याभोवतीच गोळा होतो.

आता पाऊस. समुद्रावरून आलेला वारा कड्याला धडकतो, वर चढताना थंड होतो आणि माथ्यावरच आपले बहुतेक पाणी टाकून देतो. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो, तिथून पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापूर शहरात तो १,००० मिलिमीटरच्या आसपास येतो आणि शिरोळकडे जवळजवळ त्याच्या निम्म्यावर उतरतो. याचा अर्थ आपल्या बारा किलोमीटर रुंदीच्या रानातही पश्चिम कड आणि पूर्व कड यांचा पाऊस सारखा नसणार. नकाशावर पूर्व-पश्चिम एक बोट सरकवले तरी झाडे बदलली पाहिजेत.

आणखी एक सुचवतो. आपल्या शहरात पावसाची बातमी फुटांत येते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ फुटांवर आली की धोका, हे इथल्या मुलांना पाठ असते. अंजनदऱ्यात दोन दिवस झड लागली आणि बंधाऱ्यावरचा आकडा वाढला, एवढे एक वाक्य गोष्टीत आले तर ते रान वाचकाच्या घरापर्यंत पोहोचेल.

सड्याची वाट

वनस्पतिशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय आहे, म्हणून झाडांपुरते लिहिते. आपण सडा आणि दरा यांची अदलाबदल केली आहे. सड्यावर दाट झाडी आणि दऱ्यात गवत, असे घाटमाथ्यावर सहसा आढळत नाही. नेमके उलट असते.

आपल्या सह्याद्रीचा खालचा खडक बसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा तो बनला आहे. माथ्यावर मात्र पुष्कळ ठिकाणी जांभ्याचे कवच असते. अतिशय पाऊस आणि ऊन यांच्या माऱ्याने मूळ खडकातली वाळूची द्रव्ये धुऊन गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, त्यातून हे तांबडे, छिद्रांचे, कडक कवच तयार झाले. त्याच्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसतो, त्यामुळे मोठे झाड तिथे मूळ धरू शकत नाही. मार्चमध्ये सडा तव्यासारखा तापतो आणि जुलैत त्याच सड्यावर घोट्याएवढे पाणी उभे असते. इतक्या टोकाच्या दोन ऋतूंत तगून राहणारी झाडे लहान आणि फार विलक्षण आहेत. पावसाच्या सुरुवातीला कंद डोके वर काढतात. ऑगस्टमध्ये सीतेच्या आसवांनी निळे-जांभळे गालिचे पसरतात. या नाजूक फुलझाडाच्या मुळांजवळ बारीक फुगे असतात आणि ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते, कारण सड्याच्या पाण्यात पोषण फारच थोडे असते. दवबिंदू ही चिकट केसांची वनस्पतीही त्याच कारणाने किडे धरते. सप्टेंबरमध्ये गेंद आणि तेरडा, त्यानंतर पिवळी सोनकी आणि मग सगळे वाळून पुन्हा तांबडा दगड. म्हातारीच्या सड्याला नुसती पार्श्वभूमी न ठेवता गोष्टीत स्वतंत्र प्रकरण द्यावे, अशी माझी विनंती आहे.

दाट रान दऱ्यात असते, कारण वाऱ्यापासून आडोसा, खोल माती आणि उन्हाळ्यातही टिकणारा ओलावा या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. रानाला अंजनदरा हे नाव आपण कोणत्या विचाराने दिले ते माहीत नाही, परंतु ते अगदी योग्य आहे. राधानगरीच्या बाजूच्या निमसदाहरित रानात अंजनी हे झाड फार मोठ्या प्रमाणात आहे. उन्हाळ्याच्या सुमारास त्याच्या फांद्यांवर निळ्या फुलांचे झुबके येतात तेव्हा फांदीला कोणी निळा रंग लावल्यासारखे दिसते. तिच्या सोबतीला जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा, फणस, उंबर आणि झाडांवर दोरखंडासारखी चढलेली गारंबी दाखवावी. पूर्वेकडे पाऊस कमी होतो तसे ऐन, किंजळ, कुंभा, आवळा असे पानगळीचे वृक्ष वाढू द्यावेत.

एक गोष्ट पुष्कळ जणांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडचा पाऊस केरळपेक्षा कमी नाही, काही ठिकाणी तर अधिकच आहे, पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. रानाचे स्वरूप पावसाच्या एकूण आकड्याइतकेच कोरड्या महिन्यांच्या संख्येवर ठरते. म्हणून आपले सदाहरित रान दक्षिणेइतके उंच आणि तितक्या जातींचे नसते. चित्रपटांत दिसते तसे ओलेकंच, बारा महिने थेंब गळणारे जंगल इथे रंगवू नये.

उतारांवर कारवी हवीच. तिची मोठी बहार सात वर्षांनी एकदा येते, बी धरल्यावर ती झुडपे मरतात आणि नव्या पावसात तिथे नवी रोपे उगवतात. आपली नायिका बारा वर्षांची असेल, तर जन्मापासून तिने कारवीचा फुलोरा एकदाच पाहिला असेल आणि तोही तिला नीट आठवत नसेल. गोष्टीतला काळ मोजायला याहून चांगले साधन मला सुचत नाही.

पाऊलवाट

इतके मनापासून लिहिल्याबद्दल दोघांचेही आभार. 'अंजनी' हे नाव मी केवळ उच्चाराला गोड म्हणून घेतले होते, हे मान्य करते. सडा आणि दरा यांची आजच अदलाबदल केली. नदी पूर्वेकडे वळवल्यामुळे गावही हलवावे लागले, कारण ते नेमके तिच्या वाटेत येत होते.

एक शंका आहे. सडा जर मार्चमध्ये इतका कोरडा असतो, तर ओवळी नदीला उन्हाळ्यात पाणी कुठून येते?

सड्याची वाट

सड्यातूनच येते. जांभ्याचे कवच छिद्रांचे असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून आत झिरपते आणि त्याच्या खालच्या मऊ चिकण थरावर अडते. मग ते आडवे सरकत जाते आणि सड्याच्या कडेला, जिथे कवच संपून उतार सुरू होतो, तिथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. घाटमाथ्यावर हिंडलेल्या कोणालाही आठवेल की वरचा माळ भाजून निघत असताना त्याच्या पोटाखालच्या पहिल्याच वळणावर गार पाण्याचा झरा आणि उंच झाडांचा गर्द घोळका भेटतो. पुष्कळदा त्या झाडांत एक देवही असतो.

अशा उगमांना किती जपावे लागते, त्याचे उदाहरण आंबोलीचे आहे. हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेल्या मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात शास्त्राने नोंदवली आणि तिचे नाव नदीवरूनच शिस्टुरा हिरण्यकेशी असे ठेवले. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. हा मासा बोटाएवढाही मोठा नाही. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या कुंडाचे तीर्थ घेत होते आणि तो तिथेच होता. आपल्या ओवळीच्या उगमातही असा एक बिननावाचा मासा असू द्यावा.

रानवाचक

प्राण्यांच्या यादीवर मी जरा सविस्तर लिहितो, कारण कल्पित रानांत सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. आपण आधी प्राणी निवडले आणि मग त्यांच्यासाठी रान मांडले, असे यादी वाचून वाटते. वरच्या दोन्ही प्रतिसादांनुसार दगड, पाऊस आणि झाडे ठरली की प्राणी आपोआप ठरतात आणि काही आवडते प्राणी गाळावे लागतात.

सिंहपुच्छ माकड गाळावे. ते दक्षिणेकडच्या सदाहरित रानांचे असून त्याची उत्तरेकडची हद्द कर्नाटकातच संपते. आपल्याकडे काळ्या तोंडाचे वानर आणि तांबूस तोंडाचे माकड ही दोन आहेत आणि त्यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की गोष्टीला ती पुरेशी होतील. चितळांचे मोठे कळपही काढावेत. चितळ हा मोकळ्या, पानगळीच्या आणि गवताळ रानांत वाढणारा प्राणी आहे. दाट घाटमाथ्यावर सांबर, भेकर आणि पिसोरी असतात. पिसोरी हे सशाहून थोडे मोठे, ठिपक्यांचे, शिंगे नसलेले हरीण रात्री फिरते आणि एरवी झाडाच्या ढोलीत किंवा खडकाच्या कपारीत दडून राहते. कळप नाहीत म्हणजे जनावरे नाहीत असे मुलांना वाटू नये. इथले रान एकेकट्या, लपून राहणाऱ्या प्राण्यांचे आहे आणि ते डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळते. भेकराचे कुत्र्यासारखे भुंकणे आणि सांबराची धोक्याची हाक यांवरून बिबट्या कुठून कुठे चालला आहे, हे जाणकार माणूस अंधारात सांगतो.

मोर पूर्वेकडच्या शेतांच्या कडेला ठेवावा. आत रानकोंबडा आणि चकोत्री शोभतील.

आता गवा. अंजनदऱ्याचा खरा धनी तोच आहे. दाजीपूरचे रान १९५८ मध्ये राखीव झाले ते त्याच्यासाठीच. राज्यातले ते सर्वांत जुने अभयारण्य मानले जाते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी स्थळे जागतिक वारसा यादीत आली, त्यांत ते आहे. गव्याला रानरेडा समजण्याची चूक करू नये. तो गाईबैलांच्या कुळातला आहे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, त्याचे अंग काळेभोर आणि चारही पाय गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे असतात. कळप माद्या आणि वासरांचा असतो, त्याचे नेतृत्व बहुधा एखादी अनुभवी मादी करते आणि मोठे नर बराच काळ एकटे फिरतात. पावसात तो उतारांवरच्या कोवळ्या गवतावर आणि कारवीच्या पानांवर असतो. उन्हाळ्यात कोंडींच्या जवळ सरकतो. एवढे मोठे जनावर दाट झाडीत शिरले की पान हलत नाही, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे आणि तो शब्दांत मांडणे कठीण आहे.

त्याच्याविषयीची दुसरी बाजूही गोष्टीत यावी. पाणी आणि चारा कमी पडला किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्याने गवत जळाले, की तो खाली उतरतो. खाली त्याला ऊस भेटतो. उंच, दाट, हिरवा आणि लपायला सोयीचा ऊस त्याच्या दृष्टीने रानच आहे. शेतकऱ्याचे एका रात्रीत होणारे नुकसान आणि गव्याची भूक, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि कोणा एकाला खलनायक केल्याने गोष्ट खोटी होईल. अलीकडच्या वर्षांत गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आलेले आपण पाहिले आहेत. कर्नाटकातले रानहत्तीही २००२ पासून सिंधुदुर्गात आणि पुढे चंदगड, आजरा भागात येऊ लागले. प्राण्यांच्या वाटा आपल्या तालुक्यांच्या सीमा ओळखत नाहीत, म्हणून नकाशाची कड हीच रानाची कड आहे असे दाखवू नये.

शेकरूसाठी झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले हवेत, कारण ते शक्यतो जमिनीवर उतरत नाही. मधोमध रुंद रस्ता काढला तर त्याचे रान दोन तुकड्यांत विभागते. धनेशासाठी जुने, पोकळ झालेले झाड आणि वर्षभर आळीपाळीने फळणारे उंबर-वडाच्या कुळातले वृक्ष हवेत. मादी ढोलीत बसून तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि अनेक आठवडे नर तिला त्या फटीतून फळे भरवतो. त्या काळात नराला काही झाले तर आतले कुटुंबच संकटात येते. एक म्हातारे झाड तोडले जाणे ही एवढी मोठी घटना असू शकते.

शेवटी लहान जीव, ज्यांच्याकडे गोष्टी सहसा पाहत नाहीत. सड्यावरच्या डबक्यांत अंडी घालणारा एक लहान भेक आंबोलीत सापडतो. २००९ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि अंगावरच्या पट्ट्यांमुळे त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला आहे. झाडाच्या फांदीसारखा निश्चल बसणारा मलबारी चापडा साप, मातीत राहणारे व साप नसूनही मार खाणारे देवगांडूळ, आणि पावसाळी पहाटे ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर पक्षी या तिघांना जागा द्यावी. ती शीळ पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण मागे वळून माणूस शोधतो.

कृष्णाकाठ

चर्चा अतिशय आवडली. कोल्हापूरच्या संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात, हे सर्वश्रुत आहे. त्या परंपरेची आठवण म्हणून अंजनदऱ्यात एखादा चित्ता असल्याचे दाखवता येईल का?

रानवाचक

रानात दाखवू नये. चित्ता मोकळ्या माळरानावर वेगाच्या बळावर शिकार करतो. अंजनीच्या झाडीत त्याला दहा पावलेही धावता येणार नाही. संस्थानातले चित्ते माळावर काळविटांच्या मागे सोडले जात आणि पुढच्या काळात ते आफ्रिकेतून आणले जात. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. पूर्वेच्या गावात एखाद्या वृद्धाच्या आठवणीत, त्याच्या आजोबांनी सांगितलेल्या हकिकतीत तो यावा. तिथे तो खरा वाटेल.

दांडावरची

मी इथे फारसे लिहीत नाही, वाचते. माझे बालपण घाटमाथ्यावरच्या एका धनगरवाड्यात गेले, म्हणून आज लिहावेसे वाटले. आपल्या नकाशात पूर्वेला गाव आहे आणि बाकी सगळे रान निर्मनुष्य आहे. तसे रान मला माहीत नाही.

दांडावर पाच-सात घरांचा धनगरवाडा असतो. म्हशी असतात, दूध खाली नेण्याची रोजची वाट असते आणि तीच वाट गवाही वापरतो. आम्ही शाळेला दीड तास चालत जात होतो आणि वाटेत ताजे शेण दिसले की ते म्हशीचे की गव्याचे, हे ओळखून मग पुढे पाऊल टाकत होतो. पावसाळ्याआधी लाकूडफाटा, नाचणी, मीठ, रॉकेल यांची बेगमी करून ठेवावी लागे, कारण ओढे चढले की चार-चार दिवस खाली उतरता येत नसे. डोक्यावर इरले किंवा घोंगड्याची खोळ असे. धुके इतके दाट असे की आई म्हशींना दिसण्यावरून नव्हे, गळ्यातल्या घंटेच्या आवाजावरून ओळखत असे.

रानातल्या प्रत्येक जागेला नाव असते आणि ते नाव काहीतरी सांगत असते. नावाच्या शेवटी कोंड आले की तिथे खोल पाणी आहे, पाणी आले की उन्हाळ्यातही झरा आहे, सडा आला की झाड नाही, राई आली की कुऱ्हाड चालवायची नाही. दाजीपूरकडे सांबरकोंड, सावराई सडा अशी नावे आहेत, ती याच रीतीची. आपल्या नकाशात चार-पाचच नावे दिसतात. मुलांनी चालत जाण्याएवढ्या अंतरात आमच्याकडे पन्नास नावे होती. जिथे आजोबांची म्हैस बसून राहिली होती, त्या दगडालाही नाव होते.

देवराईविषयी एक सांगते. आमच्या राईतले वाळलेले काटूकसुद्धा घरी आणत नसत. देवाचा कोप होतो, असे सांगितले जाई. झरा त्याच राईत होता, आणि आज विचार करताना वाटते की पाणी राखण्यासाठीच तो देव तिथे बसवला असावा.

आणि वाघाविषयी. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. पट्ट्यांचा असेल तर ढाण्या. रात्री त्याचे नाव घेत नसत, 'जनावर' म्हणत. हे तुमच्या संवादांत उपयोगी पडेल.

पाऊलवाट

ताई, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. गोष्टीतली मुलगी आतापर्यंत शहरातून सुट्टीला आलेली होती. ती आता धनगरवाड्यातली असेल आणि शहरातला मुलगा तिच्या मागून चालेल.

सर्वांच्या सूचनांनंतर रानाचे वर्णन असे झाले आहे :

'अंजनदऱ्याच्या पश्चिमेला कडा आहे आणि कड्यापाशी उभे राहिले तर कोकण पायाखाली दिसते, पण ओवळी नदी त्या बाजूला कधीच गेली नाही. ती म्हातारीच्या सड्याच्या पोटातून, राईतल्या झऱ्यातून निघते, दऱ्यातल्या अंजनीच्या सावलीतून जाते, गव्याच्या कोंडीत थांबते, चाफ्याच्या कोंडीत थांबते आणि मग पूर्वेला उसाच्या शिवारात उतरते. कड्यावरून पडतो तो चोरओढा. तो पूर्वी ओवळीचाच होता, असे वाड्यावरची माणसे सांगतात. सड्यावर झाड नाही. दऱ्यात ऊन नाही. दोन्हींच्या मधल्या उतारावर कारवी आहे आणि ती यंदा फुलणार आहे.'

वाघाचा निर्णय अजून झालेला नाही. तो असावा की नसावा?

घाटमाथा

वर्णन उत्तम उतरले आहे. चोरओढा हे नाव तर फारच आवडले. एकच दुरुस्ती : उसाचे शिवार दऱ्याच्या तोंडाशी लगेच नको. आधी भातखाचरे आणि उतारावर नाचणी येऊ द्यावी. ऊस आणखी खाली, जिथे नदी रुंद होते आणि उपसा करता येतो, तिथे.

रानवाचक

वाघ असावा, पण कोणाला दिसू नये. उत्तरेला चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. दक्षिणेला गोव्याची आणि कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पाची राने आहेत. या दोन टोकांना जोडणारी घाटमाथ्याची चिंचोळी पट्टी आपल्या जिल्ह्यातून जाते आणि वाघ ती वापरतात. म्हणजे अंजनदरा हे वाघाचे घर नसून त्याची वाट आहे. चोरओढ्याच्या ओल्या मातीत एक पाऊल उमटावे, नायिकेने त्याच्याशेजारी आपला तळहात ठेवून पाहावा आणि दुसऱ्या दिवशीच्या पावसात ते पुसले जावे. त्याहून अधिक वाघ या रानाला पेलणार नाही.

पाऊस सुरू होण्याआधीचे काजवेही विसरू नयेत. मेच्या अखेरीला एखाद्या हिरड्यावर हजारो काजवे एकाच लयीत उजळतात आणि विझतात.

सड्याची वाट

कथानकातले मुख्य संकट काय आहे, ते आपण सांगितले नाही. विचारण्याचे कारण असे की सड्याच्या कवचातच बॉक्साइट असते आणि आपल्या जिल्ह्यात त्याच्या खाणी आहेत. कवच काढले की झिरपणारे पाणी साठवणारा थरच जातो. संकट बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही, ते आपल्या नकाशातच आहे.

पाऊलवाट

मूळ आराखड्यात शिकाऱ्यांची टोळी होती. ती मी काल रात्री काढून टाकली. आता सड्यावर मोजमाप करणारी माणसे येतात, पांढऱ्या चुन्याच्या खुणा करतात आणि एका टोकाला खणायला सुरुवात होते. पुढच्या मार्चमध्ये राईतला झरा कमी होतो. पण हे आधी कोणाच्या लक्षात येईल, यावर मी अडले आहे. गोष्टीतल्या मुलीच्या लक्षात यावे असे वाटते, परंतु ते ओढूनताणून नको.

दांडावरची

मुलीच्या लक्षात येणार नाही. आधी म्हशींच्या लक्षात येईल. झऱ्याखालच्या दगडी डोणीत पाणी भरायला उशीर लागला की म्हशी तिथून हलत नाहीत, उभ्या राहतात. त्या रोजच्या वेळी वाड्यावर परतल्या नाहीत म्हणून आई मुलीला बघायला पाठवील. मुलगी राईत जाईल, तेव्हा डोण अर्धी असेल आणि म्हशी तिच्याभोवती गप्प उभ्या असतील.